कॅमेरा किती उंचीवर धरायचा?

मानोऱ्याकडच्या एका ताईंनी आम्हाला विचारलं, "माझी लेक म्हणते, टीव्हीच्या बातम्यांसाठी कॅमेरा चालवायचा. हे बायांचं काम आहे का?" आजचं बोलणं त्यावरच.

आधी वजनाचं बोलू. खांद्यावरचा जुना कॅमेरा सात-आठ किलोंचा असायचा. आता हातात मावणारे कॅमेरे आले. भरलेली गुंड डोक्यावर घेऊन चालणारीला वजनाचा धाक कोणी दाखवू नये.

आता काम. निघण्याआधी बॅटरी, कार्ड, माईक तपासायचा. पोचल्यावर पांढरा कागद दाखवून रंग जुळवायचा, कारण उन्हातला पांढरा आणि ट्यूबलाइटखालचा पांढरा कॅमेऱ्याला वेगळा दिसतो. मग लांबून घर, जवळून माणूस, अगदी जवळून हात किंवा कागद. प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद न हलवता घ्यायचं. कानाला हेडफोन हवाच. आवाज आला नाही तर मुलाखत वाया गेली. बातमी दीड-दोन मिनिटांची, त्याच दिवशी पोचवायची. माहितीपटाला मात्र महिने लागतात. पेरणीपासून काढणीपर्यंत त्याच घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

खरं कसब याच्या पुढे आहे. आमच्या ओळखीतल्या एका ताईंच्या मालकाने कर्जापायी जीव दिला, तेव्हा टीव्हीवाले आले. ताई जमिनीवर बसलेल्या, कॅमेरा उभ्याने वरून धरलेला. त्या कर्जाचं, सातबाऱ्याचं सगळं नीट सांगत होत्या. टीव्हीवर दिसलं फक्त खाली मान घालून रडणं. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या, "मी बोलली ते कुठी गेलं?"

याचं उत्तर तेलंगणातल्या बायांनी शोधलं. झहीराबादजवळ पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे महिला संघ आहेत, आपल्या बचत गटांसारखे. तिथल्या कोरडवाहू शेती करणाऱ्या दलित बाया कॅमेरा शिकल्या. त्यातल्या काहींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. २००१ मध्ये त्यांचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट उभा राहिला. डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवरून घेतलेल्या दृश्याला त्या 'संघम शॉट' म्हणतात, कारण संघात सगळ्या एकाच पातळीवर बसतात. वारंगळच्या कापूस शेतकऱ्यांचं बीटी बियाण्याबद्दलचं म्हणणं त्यांनी माहितीपटातून मांडलं. कापसाचं दुखणं कापूस वेचणारीलाच आधी कळतं. २००८ मध्ये त्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्रही सुरू झालं.

मग आपल्या लेकीने काय करावं? पदवीनंतर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याला प्रवेश परीक्षा असते. तिथवर जाणं जमलं नाही, तर तालुक्यातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडेही हात बसतो. अनेक कॅमेरावाले असेच घडले.

पण एक गोष्ट लपवू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी बरंच काम पगारावर नसतं, बातमीमागे पैसे मिळतात. बातमीला वेळकाळ नसतो, आणि बरोबरीचे बहुतेक पुरुष असतात. म्हणून पैसे किती आणि कधी, गाडीचा खर्च कोणाचा, रात्री घरी कोण सोडणार, हे कामाआधी विचारायचं. विचारण्यात लाज नाही.

शिकायला मात्र आजच सुरुवात होईल. गटाच्या पुढच्या बैठकीत लेकीच्या हाती मोबाईल द्या. बोलणाऱ्या ताईंची आधी परवानगी घ्यायची. ताई सतरंजीवर बसल्या असतील तर लेकीनेही सतरंजीवर बसायचं. मोबाईल आडवा, ताईंच्या डोळ्यांच्या उंचीवर. मनात दहा मोजायचे, आणि ताईंचं बोलणं पुरं होईपर्यंत बंद करायचं नाही.

मग सगळ्यांनी मिळून ते बघा, आणि ताईंना विचारा, "तुम्ही बोलल्या ते सगळं आलं का?"