मुलांची झोप : अंदाज नको, नोंद ठेवा



ऊस तोडणीला आला की नाही, हे आपण नुसत्या रंगावरून ठरवत नाही. आधी वावरातच रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहतो, शंका असली तर प्रयोगशाळेत नमुना देतो. मुलांच्या झोपेबाबत मात्र आपले सारे अंदाजाने चालते. खापा परिसरात फिरताना आम्हाला ऐकू येते, "पोरगं वर्गात पेंगते, आळशी आहे." पण आळस की अपुरी झोप, हे तपासले कोणी?

६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरविण्यास सांगितले.

तपासणीसाठी डॉक्टर ठरावीक प्रश्नावली वापरतात. अमेरिकेतील डॉ. ज्युडिथ ओवेन्स व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत गुण द्यावयाचे ३३ प्रश्न आहेत. उत्तरे पालकांनी द्यायची. एखादा त्रास आठवड्यातून ५ ते ७ वेळा झाला तर ३ गुण, २ ते ४ वेळा झाला तर २, त्याहून कमी असेल तर १. बेरीज ४१ च्या वर गेली की पुढील तपासणी करावी. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ते डॉक्टरांचेच काम.

घरी आपण पाच गोष्टी सात दिवस वहीत लिहाव्या :

१) निजताना कुरकुर होते काय?
२) दिवसा पेंग येते काय?
३) रात्री किती वेळा जाग येते?
४) निजण्या-उठण्याची वेळ रोज तीच असते काय?
५) मूल घोरते काय?

रात्री ओलितासाठी वावरात असलेल्या बापाने अंदाजाने उत्तरे देऊ नयेत. मुलाशेजारी निजणाऱ्या आईला किंवा आजीला विचारावे.

"घोरते म्हणजे गाढ झोपते" हा समज चुकीचा आहे. मूल बहुतेक रात्री घोरत असेल, मध्येच श्वास अडत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागील गाठी वाढलेल्या असू शकतात. असे मूल दिवसा चिडचिड करते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि वर मारही खाते. त्याला वहीसह डॉक्टरांकडे न्यावे. नागपूरच्या मेडिकलमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे.

तेव्हा मुलाला आळशी ठरविण्याआधी सात रात्रींची नोंद जरूर करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी