थांबण्याची किंमत कोण मोजतं?

गळीत हंगाम सुरू झाला की अकलूजच्या रस्त्यांवर उसाचीच सत्ता चालते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या, सगळ्यांची तोंडं शंकरनगरच्या सहकार महर्षी शंकरराव मोहिते-पाटील सहकारी साखर कारखान्याकडे वळलेली. फडात तोडणीची टोळी, टोळीवर मुकादम, पुढे वजनकाटा, गव्हाण, मिल आणि बॉयलर. तुटलेल्या उसातली साखर तासागणिक घटते. त्यामुळे कुठल्याही कारखान्यापुढे रोज एकच हिशेब असतो. तोड जास्त झाली तर यार्डात रांग लागते आणि कमी झाली तर गव्हाण रिकामी पडून मिल थांबते.

नेमका हाच हिशेब मधमाश्या मुकादमाशिवाय सोडवतात. पोळ्यातल्या काही कामकरी माश्या बाहेरून मकरंद आणतात. तो आत उतरवून घेऊन साठवण्याचं काम वेगळ्या, वयाने लहान माश्यांकडे असतं. फुलोरा वाढला की आणणाऱ्या जास्त होतात आणि उतरवून घेणाऱ्या कमी पडतात. मग हे कळतं कोणाला? जिला थांबावं लागतं, तिलाच.

अमेरिकी संशोधक थॉमस सीली यांनी युरोपीय मधमाश्यांवर प्रयोग करून ही यंत्रणा उलगडली. चांगल्या फुलोऱ्यावरून आलेल्या माशीला वीसेक सेकंदांच्या आत उतरवून घेणारी भेटली, तर ती डुलता नाच करून आणखी माश्यांना फुलांकडे धाडते. याच नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. पण पन्नासेक सेकंद शोधूनही कोणी भेटलं नाही, तर ती थरथरत पोळ्यात फिरू लागते. हा नाच फ्रिश यांनीही पाहिला होता. त्याचं प्रयोजन मात्र सीली यांनी १९९२ मध्ये दाखवलं. या नाचामुळे आणखी माश्या मकरंद उतरवून घ्यायला लागतात आणि बाहेर धाडणारे नाच थंडावतात.

यात राणीचा हुकूम कुठेच नाही. ती अंडी घालते, कामं वाटत नाही. आपल्याकडच्या एका गांधीलमाशीतही असंच दिसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचा अनेक दशकं अभ्यास केला. तिची राणी शांत असते, कोणावर दांडगाई करत नाही. अन्नासाठी बाहेर कोणी जायचं, हे कामकरी माश्यांच्या आपसातल्या व्यवहारातूनच ठरतं.

‘मधमाश्यांसारखी एकजूट ठेवा’ हे वाक्य कार्यशाळांमध्ये फार स्वस्तात वापरलं जातं. पोळ्यात एकजूट टिकते, कारण तिथे एकीचा वाया गेलेला वेळ हा सगळ्या पोळ्याचा तोटा असतो. माणसांच्या कामात तसं नसतं. ऊसतोड मजुराला मजुरी टनावर मिळते. वाहन रिकामं होऊन यायला उशीर झाला, तर फडात बसून काढलेले तास त्याच्या हिशेबात धरले जात नाहीत. त्यातून डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल असते, म्हणून तक्रार करायची सोयही उरत नाही. ज्याला अडचण सर्वांत आधी कळते, त्याचाच आवाज सर्वांत लहान असतो.

कचेरीतही हेच चालतं. साहेबांच्या सहीसाठी कारकून दोन दिवस ताटकळतो आणि त्या दोन दिवसांची नोंद कुठेच होत नाही. ज्याचं थांबणं फुकट, त्याची रांग कमी करण्याची घाई कोणालाच नसते.

म्हणून निसर्गाकडून धडा घ्यायचाच असेल, तर तो संघभावनेच्या घोषणांचा नको. थांबणाऱ्याला मोकळेपणाने सांगता यावं, त्याच्या सांगण्यावर काम लगेच हलावं आणि वाया गेलेल्या वेळाचा भार निर्णय घेणाऱ्यावरही पडावा. या तीन गोष्टी जमल्या, तर एकजुटीवर वेगळं भाषण द्यावं लागणार नाही.