भोकांची भाषा जाणणारा माग

तुमच्या घरी सोलापुरी चादर असेल तर ती जरा निरखून पाहा. तिच्यावरची नक्षी छापलेली नाही, विणलेली आहे. कोणता धागा केव्हा उचलायचा, हे मागाला कसे बरे कळत असेल?

उत्तरासाठी आपण फ्रान्समधील लियों शहरी जाऊ. तेथील क्रोआ-रूस टेकडीवर ‘मेझों दे कान्यु’ हे छोटे संग्रहालय आहे. ‘कान्यु’ म्हणजे लियोंचा रेशीम-विणकर. येथे हातमाग नुसते मांडून ठेवलेले नाहीत, ते चालवून दाखवतात.

कापडातील उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताण्याचे काही धागे उचलून फटीतून धोटा फेकला, की एक ओळ पुरी होते. साध्या कापडात एकाआड एक धागे उचलले की भागते. नक्षीसाठी मात्र दर ओळीला निराळे धागे उचलावे लागतात. पूर्वी मागाशेजारी बसलेला मदतनीस दोऱ्या ओढून हे काम करी. पुष्कळदा तो तुमच्याएवढाच मुलगा असे!

लियोंच्याच एका विणकराचा मुलगा जोझेफ मारी झाकार (१७५२–१८३४) याने आधीच्या संशोधकांच्या कल्पना एकत्र आणून १८०४ च्या सुमारास नवे यंत्र सिद्ध केले. आपण त्यालाच ‘जेकार्ड’ म्हणतो. त्यात नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक पत्ते असते. पत्त्यावर सुया टेकतात. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो आणि धागा खालीच राहतो. हे माग इतके उंच होते की, ते मावावेत म्हणून क्रोआ-रूसवरच्या घरांची छते सुमारे चार मीटर उंच बांधली गेली.

दोऱ्या ओढण्याचे कष्ट गेले, पण मदतनिसाची रोजीही गेली. विणकरही सुखी झाला असे नाही. कापडाचा भाव व्यापारी ठरवीत. किमान दर बांधून मिळावा म्हणून १८३१ मध्ये कान्युंनी उठाव केला. १८३४ मध्ये पुन्हा केला. दोन्ही सैन्याने मोडून काढले. यंत्र काम हलके करते. त्याचा लाभ कोणी घ्यायचा, हे मात्र माणसांनाच ठरवावे लागते.

पत्त्यांची कल्पना पुढे दूरवर गेली. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच निवडली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी भोकांच्या पत्त्यांवरूनच मोजणी केली.

आता एक गंमत करा. चौकटीच्या कागदावर आठ बाय आठ घरांत एक फूल रंगवा. ते मित्राला न दाखवता ओळीओळीने फक्त ‘भोक’ किंवा ‘कोरे’ एवढेच सांगत जा. ‘भोक’ म्हटले की त्याने घर रंगवायचे. त्याच्या कागदावर तुमचेच फूल उमलेल. संगणकाची ‘एक’ आणि ‘शून्य’ यांची भाषा याहून फारशी वेगळी नाही!