सदतीस बिनर

लग्न उरकलं की देवळातली भांडी परत घेताना भांडारी एकेक पातेलं मोजून आत ठेवतो, तशी चढाईच्या पथकातली ताई मोजत होती. सह्याद्रीतल्या तैलबैलाच्या खिंडीत, भैरोबाच्या गुहेशेजारी जुनी चादर अंथरलेली. तिच्यावर नट, पेग, हूक, पट्ट्यांच्या शिड्या आणि बिनर, म्हणजे फाटक असलेल्या कॅराबिनर कड्या, ओळीने मांडलेले. "बिनर सदतीस," असं म्हणून तिने मनगटावर बॉलपेनने आकडा लिहिला.

मी आलो होतो एका आवाजासाठी. एका गिर्यारोहक मित्राने फोनवर ऐकवला होता. हातोडीचे आठ-दहा घाव, प्रत्येक आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीतला, जलतरंगाच्या वाट्या क्रमाने वाजवाव्यात तसे. "कड्याच्या भेगेत पेग बसतोय," तो म्हणाला होता. लोखंड असं गातं हे मला माहीत नव्हतं.

एरवीच्या प्रस्तरारोहणात हातापायांनी चढायचं आणि सामान फक्त पडलो तर झेलायला. कृत्रिम चढाईत सामानालाच लटकायचं. पुढचा गडी, म्हणजे लीड, हात पोचेल तितक्या उंच भेगेत नट, म्हणजे धातूची पाचर, अडकवतो. त्यात बिनर, बिनरला शिडी. शिडीत एक पाय घालून आधी हलके, मग जोरात झटके देतो. नट टिकला तर त्यावर सगळं वजन टाकायचं, दोर बिनरमधून घ्यायचा, शिडीच्या वरच्या पायरीवर जायचं आणि पुन्हा हात वर. दर तीन-चार फुटांना हेच. खाली ताई बिले देत होती, म्हणजे लीडचा दोर सांभाळत होती. दोर तिच्या हातातून बोटभर सरकायचा आणि थांबायचा. तासाभरात लीड तीन मजलेसुद्धा चढला नव्हता.

मग भेग बारीक झाली, नट बसेना. त्याने पेग काढला आणि तो आवाज आला. ताईने डोळे मिटले. टण, टिण, टिंण... चौथ्या घावाला सूर बसला, भद्द झाला. "काढ तो," ती खालूनच ओरडली. "पोकळ आहे रे." सह्याद्रीचा बेसॉल्ट सगळीकडे सारखा नाही. लाव्हाचा एक थर निबर, तर दुसरा बुडबुड्यांनी पोखरलेला, नखाने खरवडला तरी भुगा देणारा. डोळ्यांना दोन्ही काळेच. फरक कळतो तो कानाला. त्याने पेग काढून वीतभर वर ठोकला. या वेळी सूर शेवटपर्यंत चढला.

भेग संपली की बोल्ट. हातातला ड्रिल फिरवत हातोडी मारायची, नळीने भुगा फुंकून काढायचा, पुन्हा मारायची. "एक बोल्ट म्हणजे अर्धा तास," ताई म्हणाली. मी बॅटरीवरच्या मशीनचा विषय काढला. मशीन त्यांच्याकडेही आहे; गंजलेले जुने बोल्ट बदलताना ते वापरतात. "पण मशीन हातात असलं की भेग शोधायचा कंटाळा येतो. अर्धा तास घाम गाळायचा असला, की माणूस आधी दहा मिनिटं दगड बघतो."

कड्यात बोल्ट किती ठोकावेत, हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा सुमारे ३००० फुटी ग्रॅनाइटचा कडा आहे. १९७० साली वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल त्याच्या एका नव्या वाटेने सलग २७ दिवस लटकत माथ्यावर पोचले. त्यासाठी त्यांनी कड्याला सुमारे ३०० भोकं पाडली होती. चिडलेला रॉयल रॉबिन्स पुढच्याच वर्षी त्या वाटेने बोल्ट छाटत निघाला. थोडं वर गेल्यावर त्याला दिसलं, की बोल्टांमधली चढाई अव्वल दर्जाची आहे. त्याने छाटणं थांबवलं. मला रॉबिन्सचा तो थांबलेला हात आवडतो. तरी मन ताईच्या अर्ध्या तासाकडेच झुकतं.

दुपारी कातळ तव्यासारखा तापला तेव्हा लीडने वर दोर पक्का केला आणि ताई दोराला जुमार, म्हणजे दोरावरून वर चढायची पकड, लावून निघाली. तिचं काम सामान काढण्याचं. या कामाचे फोटो कोणी काढत नाही. पेग डावीकडे ठोकायचा, उजवीकडे ठोकायचा, दात हलवावा तसा सैल करायचा, आणि निघताना निसटू नये म्हणून आधीच दोरीला बांधायचा. नट ज्या दिशेने घातला तिच्या उलट काढायचा, म्हणजे लीडने तिथे काय विचार केला होता ते आधी ओळखायचं. मधेच "दगड!" अशी हाक आली. मी खाली भिंतीला चिकटलो. मागोमाग काहीतरी किणकिणत गवतात गेलं.

उन्हं कलताना दोघं उतरली. चादर पुन्हा अंथरली गेली. नट बरोबर, पेग बरोबर, बिनर छत्तीस. ताईने मनगट पाहिलं. अंधार पडायच्या आत, अर्ध्या तासाने, कारवीच्या बुडाशी सदतिसावा सापडला. मी तो उलटसुलट करून पाहिला. चरा नाही, पोचा नाही, फाटक खटकन मिटतंय.

"चांगला आहे की," मी म्हणालो.

"दिसतो चांगला." तिने तो माझ्या हातातून घेतला, चादरीवर न ठेवता खिशात टाकला. "एवढ्यावरून पडलेला पुन्हा दोरात घालायचा नाही. घराच्या किल्ल्यांना होईल."

मनगटावरचा सात तिने थुंकीने पुसला आणि तिथे सहा लिहिला.