तारांजवळचं घर: आपण नक्की काय मोजतोय?

शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढे एका वस्तीवर घराजवळचं विद्युत क्षेत्र मोजायला गेलो होतो. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, परड्यावरून गेलेली टॉवरची लाईन. मी मीटर बाहेर काढायच्या आतच घरातल्या आजींनी विचारलं, "हितं ऱ्हाणं बरं हाय का न्हाई, एवढंच सांग बाबा. नातू ल्हान हाय."

मी मीटर हातात धरून परड्यात उभा राहिलो, आणि पहिली चूक तिथेच झाली. आपलं शरीर विजेचं वाहक आहे. ते जवळ आलं की विद्युत क्षेत्राचा आकारच बदलतो. म्हणजे मी परड्यातलं नाही, तर माझ्यामुळे बिघडलेलं क्षेत्र मोजत होतो. मीटर वीज न वाहणाऱ्या स्टँडवर ठेवून आपण लांब जायचं असतं. (स्टँड कोरडा हवा. इकडच्या पावसात हे सांगणं सोपं, करणं अवघड!)

मग घरात गेलो. आकडा धाडकन खाली. 50 हर्ट्झच्या विद्युत क्षेत्राला साधी भिंत, झाडंसुद्धा बऱ्यापैकी अडवतात. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्यांसाठीची मर्यादा 5 किलोव्होल्ट प्रति मीटर आहे. घरात त्याच्या आसपासही काही नव्हतं. आता आजींना 'बिनघोर ऱ्हावा' म्हणून मोकळं व्हावं का?

नाही. कारण आजींची काळजी नातवाची, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा प्रश्न चुंबकीय क्षेत्राशी जोडलेला आहे. 1979 साली डेन्व्हरमध्ये वर्थायमर आणि लीपर यांनी तो पहिल्यांदा मांडला. 2000 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर, सरासरी 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या थोड्या मुलांमध्ये धोका साधारण दुप्पट दिसला. पण कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. अभ्यासात कोण सामील झालं, यामुळेही असा आकडा येऊ शकतो. 2002 मध्ये आयएआरसीने चुंबकीय क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, विद्युत क्षेत्राबद्दल मात्र वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही म्हटलं.

गंमत अशी की चुंबकीय क्षेत्र जांभ्यातून आरपार जातं. शिवाय विद्युत क्षेत्र दाबावर ठरतं, आणि लाईनचा दाब दिवसभर जवळपास तोच. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावर ठरतं. उन्हाळ्यात शेतीची लाईट आली, उसावरचे पंप सुरू झाले, की प्रवाह वाढणार. दुपारी अकराला घेतलेला एक आकडा इथे काही कामाचा नाही.

आजींना हे असंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आज काय मोजलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता 24 तास नोंद करणारं यंत्र नातवाच्या अंथरुणाजवळ ठेवायचं ठरलंय, एकदा पावसाळ्यात आणि एकदा पंप चालू असताना. त्या दिवशी एवढंच पक्कं सांगू शकलो, की तारांखालच्या गोठ्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, त्याला वायरमनकडून अर्थिंग करून घ्या.