मुलांचे पाय (लेखांक ४) : अंगठ्यात रुतणारे नख

मागच्या आठवड्यात आपण पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांबद्दल वाचले. ओल्या बुटांच्या याच दिवसांत बळावणारे दुसरे दुखणे म्हणजे पायाच्या अंगठ्याचे नख बाजूच्या मांसात रुतणे. मूल बूट घालताना कुरकुरते, लंगडते आणि मोजा काढल्यावर नखाची कड लाल, सुजलेली दिसते.

बहुतेक वेळा सुरुवात नेलकटरने होते. हाताच्या नखांसारखा गोल आकार आपण पायाच्या नखांनाही देतो आणि कोपरे खोल कापतो. कोपरा गेला की बाजूची कातडी त्या मोकळ्या जागेत सरकते. मागून वाढणारे नख मग त्या कातडीतच घुसते. कापताना एखादी टोकदार कपची आत राहिली, तर ती कुसळासारखी टोचत राहते. घट्ट बूट, घामेजलेले पाय आणि नखे ओढून तोडण्याची सवय यांची त्यात भर पडते. काही घराण्यांत नखाची ठेवणच वळलेली असते.

दुखते म्हणून तो कोपरा आणखी खोल कोरून काढला जातो. चार दिवस बरे वाटते, पण नख वाढू लागले की पुन्हा तेच. हे चक्र आपणच थांबवायला हवे.

दुखणे नुकतेच सुरू झाले असेल, तर पाय दिवसातून दोन-तीन वेळा सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवा आणि नीट कोरडा करा. कातडी मऊ झाल्यावर ती नखापासून हलकेच बाजूला सारा. मूल सहन करत असेल, तर स्वच्छ कापसाची बारीक वात नखाच्या कडेखाली ठेवा आणि रोज बदला. बळजबरी नको. घरात उघडी चप्पल घालू द्या. चुन्याचे लेप लावू नका. त्याने कातडी भाजते. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढते, म्हणून कोपरा कातडीच्या पुढे येईपर्यंत धीर धरावा लागतो.

पू झाला, लाली पसरू लागली, ताप आला, धक्का लागताच रक्त येणारे लाल मांस वाढले किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. मुलाला मधुमेह असेल, तर मुळीच थांबू नका. दुखणे वारंवार उलटत असेल, तर डॉक्टर अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कडच तेवढी काढतात आणि तिच्या मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे ती कड सहसा पुन्हा वाढत नाही. मूल त्याच दिवशी घरी जाते.

तान्ह्या बाळांची नखे पातळ आणि मऊ असतात. त्यांचे रुतणे बहुधा नख कडक होत गेले की आपोआप सुटते. घट्ट मोजे टाळा, नखे दातांनी तोडू नका.

प्रतिबंधाचे नियम थोडेच आहेत. आंघोळीनंतर नखे मऊ असताना ती सरळ रेषेत कापा, बोटाच्या टोकापेक्षा आत जाऊ नका आणि कोपरे राहू द्या. टोचत असतील, तर कानसीने फक्त टोक घासा. बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय किंचित फुगलेला असतो. मुलाला उभे करून सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा आहे ना, ते चाचपा. जूनमध्ये घेतलेला बूट दिवाळीपर्यंत आखूड झालेला असू शकतो, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी ही तपासणी करा. वर्ष निघावे म्हणून त्याच बुटात पाय कोंबण्याची किंमत मुलाच्या अंगठ्याला मोजावी लागते.

पुढील लेखांकात : तळपायावरचे कुरूप आणि चामखीळ यांतला फरक.