विश्लेषण : एक अक्षर उडाले तरी अख्खी गुंडाळी बाद! ज्यूंचे धर्मग्रंथ कोणते, ते वाचतात कसे?

शनिवारची सकाळ. सिनेगॉगमध्ये तोराचे पठण सुरू असते आणि वाचणारा मध्येच थांबतो. एका अक्षराची शाई उडाली आहे, ते आता दुसऱ्याच अक्षरासारखे दिसते आहे. अशा वेळी एखाद्या लहान मुलाला पुढे बोलावतात. त्याला अक्षरओळख हवी, पण मजकुराचा अर्थ कळत नसला तरच बरे. जाणकार माणूस संदर्भावरून अक्षर ओळखतो, म्हणून त्याची साक्ष इथे उपयोगाची नाही. मुलाने अक्षर बरोबर वाचले तर पठण पुढे चालू. चुकले तर ती गुंडाळी कपाटात परत जाते आणि दुसरी बाहेर काढतात.

एका अक्षराचा एवढा बाऊ कशासाठी?

तोरा म्हणजे काय?

तोरा या हिब्रू शब्दाचा अर्थ शिकवण (मराठीतल्या तोऱ्याशी त्याचा काही संबंध नाही). उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके म्हणजे तोरा. ती देवाने मोशेला दिली, अशी श्रद्धा आहे. त्यात संदेष्ट्यांची पुस्तके आणि स्तोत्रांसारखे इतर लेखन मिळवले की २४ पुस्तकांचा ‘तनाख’ होतो. ख्रिस्ती लोक यालाच ‘जुना करार’ म्हणतात. ज्यू तसे म्हणत नाहीत, कारण त्यांच्या लेखी नवा करार झालेलाच नाही.

सिनेगॉगमधील तोरा छापील चालत नाही. शुद्ध मानलेल्या जनावराच्या चामड्यावर ती बोरूने किंवा पिसाच्या लेखणीने लिहावी लागते. लिहिणाऱ्याला ‘सोफेर’ म्हणतात. मजकूर कितीही पाठ असला तरी त्याला समोरच्या प्रतीवरून, प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारूनच लिहावे लागते. प्रचलित मोजणीनुसार अक्षरे ३ लाख ४ हजार ८०५. साधारण वर्षभराचे काम. साधी चूक खरवडून दुरुस्त करता येते, पण देवाचे नाव खोडता येत नाही. तिथे चूक झाली तर चामड्याचा तो अख्खा तुकडाच बदलावा लागतो आणि जुना तुकडा आदराने पुरला जातो. अलीकडे गुंडाळी स्कॅन करून सॉफ्टवेअरने गाळलेली अक्षरे शोधतात. अक्षराचा आकार ग्राह्य की नाही, हे मात्र आजही सोफेरच ठरवतो.

गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, विरामचिन्हे नसतात, चाल तर नसतेच. ते सगळे वाचणाऱ्याने आधी तोंडपाठ करून यायचे. तोराचे ५४ भाग पाडलेले आहेत. दर आठवड्याला वाचत वर्षात ती पूर्ण होते आणि ‘सिमहात तोरा’च्या सणाला शेवटचा भाग संपताच लगेच पहिला सुरू होतो.

मग तालमुद कशाला?

कारण तोरा सांगते कमी आणि प्रश्न उभे करते जास्त. सातव्या दिवशी काम करू नका, अशी तिची आज्ञा आहे. पण काम म्हणजे काय? इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ने पेरणे, दळणे, लिहिणे, विस्तव पेटवणे अशी ३९ प्रकारची कामे सांगितली. त्यावर पुढे शतकानुशतके झालेली चर्चा म्हणजे तालमुद. हा वाद अजून संपलेला नाही. विजेचे बटण दाबणे हे विस्तव पेटवण्यात मोडते का? कर्मठ ज्यू शब्बाथला बटण टाळतात. म्हणूनच इस्रायलमध्ये दर मजल्यावर आपोआप थांबणाऱ्या लिफ्ट असतात. मोबाइलही त्या दिवशी बंद.

तालमुदचे पान पाहण्यासारखे असते. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातील राशी यांचे भाष्य, दुसऱ्या बाजूला त्यांच्या नंतरच्या पिढ्यांची त्यावरची टीका. मूळ, भाष्य आणि भाष्यावर टीका ही रचना आपल्याकडच्या संस्कृत पोथ्या पाहिलेल्यांना परकी वाटणार नाही. वेगळेपण हे की हरलेल्याचे मतही खोडत नाहीत. जोडीजोडीने बसून, मोठ्याने हुज्जत घालत ते शिकायचे असते. १९२३ पासून रोज एक पत्र वाचण्याची प्रथा आहे. एकूण पत्रे २,७११, म्हणजे साडेसात वर्षांची बांधिलकी. आताची फेरी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली.

या ग्रंथाची धास्ती इतरांनीही घेतली. १२४२ मध्ये पॅरिसमध्ये तालमुदची हस्तलिखिते गाड्या भरभरून आणून जाहीरपणे जाळण्यात आली. छपाईच्या आधीच्या त्या काळात जळालेली प्रत सहज पुन्हा मिळत नसे.

ग्रंथ नसतील तर?

याचे उत्तर रायगड जिल्ह्यात आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, असे बेने इस्रायली परंपरा सांगते. ही मंडळी मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली. हिब्रू विसरली. राहिले ते ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द, सुंता, खवले नसलेला मासा न खाणे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’.

ग्रंथ परत आले ते फार उशिरा. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग उभे राहिले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्रायलींनी त्यातून आपली भाषा मिळवली, धर्म बदलण्याच्या भानगडीत ते फारसे पडले नाहीत. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचे ‘हगादा’ हे पुस्तक हिब्रू आणि मराठीत निघाले. त्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत.

१९४८ नंतर यातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तोराचे जाहीर पठण करायला परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातल्या काही सिनेगॉगमध्ये गुंडाळ्या कपाटात आहेत, पण एरवीच्या शनिवारी दहा जण जमणे अवघड झाले आहे. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे आली की कपाट उघडते.